शनिवारचे पाणी

४ जानेवारी, शनिवार
चर्चसाठी आणले: धुण्याचा सोडा दोन किलो – ८०. काथ्याचे ब्रश दोन – ५०. फिनेल – ६५. बादली घरचीच नेली – ०.
सेवेसाठी नावे मागितली तेव्हा हात पुष्कळ वर झाले होते. उरलो दोघी. मी आणि ह्यांची बहीण. वन्सं झाडतात, मी धुते.
हे म्हणाले, "तिथेच अंथरूण टाक आता!"
ह्यांना काय सांगू? बाळ ह्यांच्याशी भांडून घर सोडून गेला, त्याला तिसरे वर्ष लागले. ना पत्र, ना निरोप. त्याची खुशाली कळेपर्यंत दर शनिवारी गुडघ्यांवर बसून देवाच्या घराची लाकडी जमीन धुवीन – असे प्रभूशी बोलले आहे. कुणाला ठाऊक नाही.

११ जानेवारी, शनिवार
कुबट वास वाढलाच आहे. एवढा सोडा घालूनही! दोनदा धुतले. वन्सं दारातून, "वहिनी, पुरे गं! बाप्तिस्मा घेऊन घेऊन दमल्या त्या फळ्या!" मला हसू आले नाही.

१२ जानेवारी, रविवार
उपासना चालू असताना वेदीजवळची फळी मोडली. पाळकसाहेबांचा पाय घोट्यापर्यंत आत! लागले नाही, देवाची कृपा.
संध्याकाळी सुतार येऊन गेला. सगळी जमीन खालून कुजत चालली आहे. छप्पर पाहिले, कोरडे. नळ आत नाहीच. मग ओल येते कुठून? कुणालाच सांगता येईना. पाळकसाहेब म्हणाले, ओल थांबली नाही तर वरचे लोक कुलूप लावायला सांगतील.
ज्या जमिनीवर मागणे मागितले तीच खचते आहे. याचा अर्थ मी काय समजायचा?

१८ जानेवारी, शनिवार
तीनदा धुतले. गुडघे भाकरीसारखे फुगले. पत्र नाही.

२५ जानेवारी, शनिवार
ताप उतरत नाही. शनिवार चुकला – पहिलाच! वन्संना म्हटले, माझ्याऐवजी तुम्ही धुवा. "मी खाली बसले तर मला उठवायला सुतार बोलवावा लागेल." कोरडा केर काढून आल्या.
तोंड भिंतीकडे करून रडले. बाळाला काही झाले तर ते माझ्यामुळे.

१ फेब्रुवारी, शनिवार
हाही गेला. प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज गेले. बाहेरच्या नळावर बादली भरली, दार उघडले. वास नाही!
कोठीचे दार नेहमी फुगून बसलेले असते, खांदा लावावा लागतो. आज बोटाने उघडले. वेदीजवळच्या भगदाडात हात घातला. माती कोरडी. छप्पर तेच, भिंती त्याच. दोन शनिवार नव्हते ते फक्त माझे पाणी.
मीच कुजवली. गुडघ्यांवर बसून, स्तोत्रे म्हणत.
पायरीवर बसून राहिले. धुवावे तर चर्च जाते. न धुवावे तर दिलेला शब्द मोडतो, आणि बाळ— प्रभूने दोन्हीकडून हात काढून घेतला, असे वाटले.
तेवढ्यात वन्सं आल्या. सगळे सांगून टाकले. आधी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला.
"अगं, आणि हे सगळं त्याच्या खुशालीसाठी?"
"मग काय करू? त्याचा पत्ता आहे का माझ्याकडे?"
वन्सं हळूच, "माझ्याकडे आहे. वर्ष होईल त्याने देऊन. म्हणाला, 'आत्या, आईनं विचारलं तरच दे.' तू एकदा तरी विचारलंस?"
नाही विचारले. ह्यांनी सांगितले होते, घरात त्याचे नाव काढायचे नाही. मी काढले नाही. देवाशिवाय कुणापाशीच नाही.
पाणी बाहेर झाडाच्या बुंध्याशी ओतले. हलके वगैरे काही वाटले नाही. रिकामी बादलीही जड लागली.

९ फेब्रुवारी, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांना पाण्याचे सांगितले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरे होते.
वन्संकडून पत्ता घेऊन बाळाला कार्ड लिहिले. चार ओळींच्या पुढे हात चालेना. राहिलेली जागा तशीच ठेवून स्तोत्रांच्या पुस्तकात लपवले. उत्तर येईल असे वाटत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
टपालात टाकायला कार्ड काढले. मोकळ्या जागेत ह्यांचे अक्षर!
"आईचे गुडघे गेले आहेत. उलट टपाली कळव."