कंदिलाच्या चिन्हाची व्यवस्था

मी, आर्डिस ल्यूडके, वय एकाहत्तर, धंदा खेळांची पुस्तके छापणे, राहणार शेबॉयगन, विस्कॉन्सिन, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मन मात्र ठिकाणावर नाही. गुरुवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. घर बहीण व्हर्ना हिला. तळघरातले फासे आणि नकाशे तिने कचऱ्यात टाकू नयेत, वाचनालयाला द्यावेत.

२. दीर व्हर्गिल याला माझा नवरा ऑर्विल याची मासेमारीची होडी. बाकी छदामही नाही. ऑर्विलच्या दफनाच्या दिवशीच, हातात सॉसेजची बशी घेऊन, त्याने मला विचारले होते, "वहिनी, कंदील विकणार का?"

३. कंदील म्हणजे 'कंदील आणि दलदल' या, फासे टाकत गोष्ट रचायच्या आमच्या खेळाचे चिन्ह. बाहेरचे लेखक आमच्या खेळात चालतील अशी साहसे लिहितात आणि मुखपृष्ठावर कंदील काढून 'याच्याशी जुळणारे' असे छापतात. त्याचा परवाना ऑर्विलने घरीच लिहिला आणि मुदतीच्या जागी लाडात येऊन लिहून बसला, 'आर्डिस हयात असेपर्यंत.' मेला स्वतः मात्र आधी गेला. आता मी गेले की या सगळ्यांची पुस्तके दुकानांतून उठणार.

त्यामुळे दुखणे कळल्यापासून फोन थांबत नाही. तब्येत विचारतात, दारात नूडल्सची भांडी ठेवतात आणि जाता जाता हळूच विचारतात, नवी आवृत्ती छापू की थांबू? जीव नकोसा केला आहे.

४. कायद्याने धंद्याशिवाय चिन्ह नुसते देता येत नाही, म्हणून खेळ, धंदा आणि कंदील, तिन्ही डेल्फीन ब्रझेक या लेखिकेला. ही बाई कंदील स्वतःच्या नावापेक्षा मोठा छापते आणि बोलले की भांडते. पण दुसऱ्यांची पुस्तके शेवटच्या पानापर्यंत वाचते. न वाचता परवानगी देत सुटले, तर चिन्हावरचा हक्कच जातो. व्हर्गिलने आमच्या खेळाचे नियमसुद्धा कधी वाचलेले नाहीत.

तिला हे सांगितले, तर म्हणाली, "मला धंदा नको. तुम्ही बऱ्या होऊन या."

"ते मृत्युपत्रात बसत नाही," मी म्हटले.

५. मुदतीचे ते वाक्य आज, जिवंतपणीच, मी खोडले. परवाना कायमचा केला आणि सकाळी सगळ्यांना तसे कळवले. माझ्या जगण्यावर आता कुणाचेही पुस्तक अडलेले नाही. दुपारपासून फोन एकदाही वाजलेला नाही. मला वाईट वाटले.

सही: आर्डिस ल्यूडके
साक्षीदार: ग्लेनिस टॉट, लायल ओपगेनोर्थ (दोघे शेजारी)
शेबॉयगन, १४ नोव्हेंबर २०१६

ता. क. डेल्फीन वारस असल्यामुळे साक्षीला चालत नाही. तिला घरी जायला सांगितले आहे. ती बाहेर पायरीवर बसून आहे, जात नाही.