चौऱ्याहत्तर नंबरचं कार्ड

डोरलँड, नेब्रास्का
१६ ऑक्टोबर १९९०

प्रिय मर्ल,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे न फोडताच चुलीत घालशील, अशी धास्ती होती. म्हणून पत्ता आर्डिसकडून लिहून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. पस्तीस वर्षांनी लिहितोय, आणि पहिली ओळ लिहायलाच दोन दिवस लागले.

इथे मक्याची कापणी चालू आहे. दुपारभर शेतांवर पिवळी धूळ तरंगत असते, खाली म्हणून बसत नाही. मी व्हरांड्यात बसतो, मांडीवर पाट घेतो आणि त्यावर कार्डं मांडतो. पंचावन्न साली बबलगमच्या पाकिटांतून निघायची ना, कॉलेज फुटबॉलच्या शंभर नामवंतांची, तीच. शंभरच्या शंभर आहेत माझ्याकडे. प्रत्येकाच्या मागे चित्रकारानं गुलाबी आभाळ रंगवलंय. तसलं आभाळ मी तरी आयुष्यात कधी पाहिलं नाही. नाकाशी धरली तर अजून गोडसर वास येतो, की मला तसं वाटतं, कोण जाणे. मग डोळा लागतो, आणि ती सगळी माणसं कार्डांतून खाली उतरून धुळीतून पलीकडे चालत जातात. पावलांचा आवाज येत नाही. त्यांच्यात मी कधीच नसतो. तू असतोस, डावा पाय ओढत, पण घाई अशी नाहीच.

चौऱ्याहत्तर नंबरच्या कार्डाच्या मात्र एक्केचाळीस प्रती जमल्यात. आर्डिस म्हणते, "लोक नातवंडांचे फोटो जमवतात. माझा नवरा बघा, परक्या पुरुषाचे जमवतोय!" तिला काय सांगणार? खाली छापलंय माझं नाव, 'लोवेल दोस्ताल', आणि वर चेहरा तुझा.

ती कशी कशी मिळाली, ते सांगायला बसलो तर हिवाळा लागेल. काही चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, काही पत्रानं अदलाबदल करून. हेस्टिंग्जच्या एका न्हाव्यानं ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं. त्यानं मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? "हा दोस्ताल काय धावला होता हो त्या दिवशी! चिखलात, आठ यार्ड, अंगावर चार जण!" असं मलाच सांगत त्यानं माझे केस कापले. मी मान हलवली तर म्हणाला, "हलू नका, कान जाईल." जाताना मी दुसरी तीन कार्डं दिली आणि ते घेतलं.

या वसंतात ग्रँड आयलंडला कार्डांचा बाजार भरला होता. अशा ठिकाणी मला हल्ली बोलावतात. एका टेबलामागे बसवतात, लोक कार्ड पुढे करतात, मी सही करतो. तुझ्या छातीवर माझी सही, मर्ल. इतकी वर्षं केली. 'तेव्हा फार देखणे होता हो' असं कोणी म्हणालं की हसायचो. त्या दिवशी कोरीन व्होल्फ नावाच्या शिक्षिका आल्या. या शंभर कार्डांचा त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांनी कार्ड पुढे केलं, पण सोडलं नाही. एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मिस्टर दोस्ताल, तुमच्या कानाचं काय झालं?"

"कान? वय झालं हो आता."

"वयानं केस जातात," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुडपलेला कान सरळ होत नाही."

तुझा तो डावा कान, मर्ल! दुसऱ्या वर्षी सरावात चुरगळला होता आणि तू म्हणाला होतास, "बरं झालं, आता प्रशिक्षकाच्या शिव्या अर्ध्याच ऐकू येतील." मी पेन खाली ठेवलं. बाहेर जाऊन दोन कप कॉफी आणली आणि त्या बाईंना, ज्यांची माझी पाच मिनिटांची ओळख, सगळं सांगून टाकलं. जे आर्डिसला पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं ते. घरी येऊन मग तिलाही सांगितलं. ती जेवली नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "त्याला लिही."

तुला ते सारं माहीतच आहे. तरी मला एकदा माझ्या हातानं लिहायचंय. चाळीस सालचा नोव्हेंबर, शेवटची काही सेकंदं, पाऊस. चेंडू माझ्याकडे आला आणि माझ्या हातून निसटला. तो तू उचललास. तू, ज्याचं काम फक्त मला वाट करून देण्याचं होतं. ते आठ यार्ड तू चेंडू छातीशी धरून धावलास. चिखलानं कोणाच्या पाठीवरचा नंबर दिसत नव्हता. गोलरेषेपलीकडे तुझ्या अंगावर पोरांचा ढीग कोसळला, मी धावत आलो, तुला बाहेर काढायला. खरंच तुलाच काढायला. आधी हाताला लागला तो चेंडू. तो घेऊन मी उभा राहिलो आणि सगळं मैदान ओरडलं. मला खांद्यावर घेतलं तेव्हा मी खाली पाहिलं होतं. तू अजून चिखलातच होतास, गुडघा धरून.

इस्पितळात मी तोंड उघडणार तेवढ्यात तूच म्हणालास, "असू दे रे. पोरी तुझ्यावरच भाळतात, मला घेऊन काय करायचंय?" तू हसलास, म्हणून मीही हसलो. त्या हसण्यावर मी सगळं आयुष्य काढलं. त्या एका धावेवर नोकरी मिळाली, गावात मान मिळाला. तू मात्र लंगडत धान्याच्या कोठारात पोती मोजायला लागलास.

मग पंचावन्नमध्ये कार्ड निघालं आणि तुझी चिठ्ठी आली. 'नाव घेतलंस ते चाललं, लोवेल. आता तोंडही घेतलंस?' त्यानंतर तू ओरेगनला गेलास, आणि पुढे काहीच नाही. छापखान्याची चूक, असं गावातले सगळे समजले, तूही. चूक नव्हती, मर्ल. बबलगमच्या कंपनीनं फोटो मागितला तेव्हा माझे ढीगभर होते. मी तुझा पाठवला. खरं सांगायची छाती नव्हती, म्हटलं निदान चेहरा तरी खरा जाऊ दे. तुला ते थट्टेसारखं लागेल, हे डोक्यातच आलं नाही. आणि तुझी चिठ्ठी आल्यावर उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो. त्या एक्केचाळीस प्रती म्हणजे काय, ते आता तुझ्या लक्षात येईल. प्रत्येक वेळी वाटायचं, तुला एका न्हाव्याच्या आरशातून तरी सोडवून आणलं.

आता कंपनी ती शंभर कार्डं पुन्हा छापतेय. कोरीनबाईंनी विचारणा केल्यावर त्यांचा एक कागद आला: चौऱ्याहत्तर नंबरच्या कार्डात काय दुरुस्त करायचं? आज सकाळी तो भरून टाकला टपालात. तुला आधी विचारलं नाही, कारण तू पुन्हा 'असू दे रे' म्हणाला असतास आणि मी ते पुन्हा ऐकलं असतं. मी लिहिलंय: छायाचित्र बरोबर आहे, नाव चुकलं आहे. खाली तुझं नाव आणि तुझा ओरेगनचा पत्ता दिलाय. पाठीमागच्या मजकुराला सहा ओळी असतात, त्या कोऱ्या ठेवल्यात. कंपनीचा माणूस तुला फोन करील. त्या सहा ओळी तू सांग. त्यांत मी आलो, तर जसा होतो तसाच येऊ दे.

तुझाच,
लोवेल