ज्यांनी गुळवेल घेतली नव्हती

माय,

आज दवाखान्यात एक औषधविक्या आला होता. शक्तीच्या औषधाची बाटली टेबलावर ठेवून म्हणाला, "सिस्टर, निव्वळ वनस्पतीचा अर्क आहे. रोज घेतला तरी अपाय नाही." मी विचारलं, "रोज म्हणजे किती महिने घेऊन पाहिलाय, आणि कुणी?" तो हसला. आमचे नवे डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी बाटली परत केली आणि मला म्हणाले, "हे विचारायला कुठे शिकलात?" तेव्हापासून तू मनात आहेस, आणि आपलं ब्राह्मणपुरीचं स्वयंपाकघर.

चुलीमागच्या दोरीवर गुळवेलीचे तुकडे वाळत असायचे. डोंगरातल्या काठी गावाकडून उतरणारी एक पावरा आदिवासी बाई बाजाराला येताना वेलांचा भारा आणून द्यायची. तू ते कांडायचीस, वस्त्रगाळ करायचीस आणि हिवतापानं पडलेल्या प्रत्येकाला पुडी द्यायचीस. लोक बरे व्हायचे, तुझं नाव घ्यायचे. पुढे ताप नसलेलेही अंगात ताकद यावी म्हणून रोज घ्यायला लागले. सगळ्यांत जास्त घेतली मावशीनं, आपल्याकडेच राहणाऱ्या तुझ्या धाकट्या बहिणीनं. कितीतरी महिने सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा. मग तिचं जेवण सुटलं, आणि एका सकाळी अंगणातल्या उन्हात मला तिचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे.

मी धावत आत आले. तू कांडत होतीस. "माय, पुडीमुये तं नही ना?" असं विचारल्यावर तू भडकलीस. "झाडपालानं औषध शे ते! त्यानी काय वाईट व्हई? इतला लोके बरा व्हयनात, तुले दिखत नही का?" मी बारा वर्षांची, नुकतीच चौथी पास झालेली, तोंडाळ. म्हटलं, "ज्यास्नी लिधं नही, त्या बी बरा व्हयनात ना?" तू मुसळ खाली ठेवलंस. "चूप बैस," म्हणालीस, आणि त्या दिवशी मुसळ पुन्हा उचललं नाहीस.

दुसऱ्या सकाळी तू मावशीची पुडी बंद केलीस आणि मला हाक मारलीस. "वही ले. ज्यास्नी लिधं नही, त्यास्ना घर जाऊत."

अजून दिसतं ते. तू पुढे, डोक्यावर पदर, मी मागे वही घेऊन. ताप कधी आला, कधी गेला, पुडी घेतली का, कामाला कधी लागलात, एवढंच तू विचारतेस आणि मी लिहिते. घरी आल्यावर मी सगळं वाचून दाखवलं. घेतलेले आणि न घेतलेले जवळपास सारख्याच दिवसांत उठले होते. बाजाराच्या दिवशी तू त्या पावरा बाईलाही विचारलंस. तिला नवलच वाटलं. त्यांच्याकडे ताप आला तर दोन-चार दिवस घेतात, म्हणाली. दुखणं नसताना रोज कोण खातं?

तू गप्प बसली असतीस तर कुणाला काही कळलं नसतं. पण तू पुन्हा घरोघर गेलीस. "रोज लेवानं बंद करा. यानी गुण येस का नही, माले ठाऊक नही. मन्ही बहीणले यानीच व्हयनं का, ते बी ठाऊक नही. पन जे माले ठाऊक नही, ते तुमले रोज खावाले देवाव नही." एका म्हातारीनं रागानं विचारलं, मग आम्ही घ्यायचं काय? तू म्हणालीस, ताप आला तर तेव्हा पोस्टात मिळायचं ते कोयनेल, म्हणजे क्विनीन, आणि उठल्यावर दूध-भाकर.

मावशीचे डोळे हळूहळू निवळले. होळीच्या सुमारास तिनं एक भाकर संपवून दुसरी मागितली, आणि तू चुलीकडे तोंड करून रडलीस. आणखी एक झालं. मला वाटलं होतं आता आपल्या दारात कुणी येणार नाही. पण बाया जास्तच यायला लागल्या. कुणीही काही दिलं की आधी तुला दाखवायच्या, "हाई लेऊ का?" म्हणून. उद्यापासून मीही इथं दवाखान्यात तशीच वही ठेवणार आहे, कुणी कोणतं औषध घेतलं आणि कुणी नाही याची. डॉक्टरांनी होकार दिलाय.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून ट्रंकेत ठेवीन. फक्त एक कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तुला वही वाचून दाखवताना माझा आवाज चढला होता. तुला वाटलं, मी मावशीच्या काळजीनं बोलतेय. नाही माय. तू चुकलीस, याचा मला आनंद झाला होता.