अर्धंच क्रियापद

अण्णा, मीही आता इंग्रजीच शिकवते. जुन्नरच्या शाळेत, सातवी-आठवीला. परवा एका मुलीनं फळ्यावर लिहिलं, ‘आय डिड नॉट वेन्ट’, आणि मी तुमचंच वाक्य बोलून गेले: डिडनं भूतकाळाचं ओझं डोक्यावर घेतलंय ना, मग पुढच्या क्रियापदाला मोकळं चालू दे. मुली हसल्या. तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत बसून राहिले आणि ठरवलं की तुम्हाला लिहायचं, निदान एकदा.

तुम्ही लोणीच्या शाळेत होता. आठवडाभर तिथे खोली करून राहायचा आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की मोटारसायकलवरून बोरीला घरी यायचा. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपासून जरा लांब पाटावर बसलाय, मी समोर. उदाहरणं शोधायला तुम्हाला पुस्तक लागत नसे. तुझी आई आत्ता काय करतेय? मेकिंग. रोज काय करते? मेक्स. काल काय केलं? मेड. आई पिठाच्या हातानं केस मागे सारत म्हणायची, “मला कशाला वढता तुमच्या इंग्रजीत? तव्यावरची करपंल.” एकदा मी निबंधात लिहिलं, ‘माय मदर डू ऑल वर्क’. तुम्ही ते वाचलंत आणि चेहरा जराही न हलवता म्हणालात, “सगळं काम एकटीला लावलंस, आणि तिच्या हक्काचा एस पण काढून घेतलास?” मला रडू आलं. आईला काही कळेना, तेव्हा तुम्ही तिला नीट समजावून सांगितलंत, एस म्हणजे काय, तो तिला का मिळायला हवा. ती म्हणाली, “मंग द्या की माझा मला.” त्या दिवाळीला तुम्ही शाळेतल्या मोडक्या फळ्याचा तुकडा तासून, काळा रंग देऊन माझ्यासाठी आणलात. मैत्रिणींना फ्रॉक आले होते. मी रुसले, पण दुपारपर्यंतच, कारण सोबत रंगीत खडू होते.

निवृत्त होऊन तुम्हाला फार दिवस झाले नव्हते. अंगणात दात घासता घासता तुम्ही खाली बसलात आणि उजवा हात उचलेना. नारायणगावहून पुण्याला नेलं. जीव वाचला, काठीच्या आधारानं पायही चालायला लागले. बोलणं मात्र विचित्रच परत आलं. वस्तूंची नावं आली, माणसांची आली, गावांची आली. क्रियापदं आली नाहीत. वाचेचे उपचार करणाऱ्या बाई तुम्हाला चित्रं दाखवायच्या. पाणी पिणारा माणूस. तुम्ही म्हणता, “माणूस. पेला. पाणी.” बाई विचारतात, “काय करतोय माणूस?” तुम्ही डावा हात तोंडाशी नेऊन दाखवता, ओठ हलतात, कपाळावर घाम येतो, आणि पुन्हा तेच, “पाणी.” मला बाहेर बोलावून बाई म्हणाल्या, डोक्यातल्या त्या भागाला मार बसला की असं होतं. नावं टिकतात, क्रियापदं निसटतात. आलीच तर अर्धी येतात, पुढचे प्रत्यय गळून पडतात. तुम्ही जन्मभर काय शिकवलंत ते मी त्यांना सांगितलं.

लोणीचा तुमचा एक विद्यार्थी भेटायला आला होता, आठवतं? बटाट्याची शेती करणारा, चांगला धिप्पाड गडी. खाली सतरंजीवर बसला आणि म्हणाला, “सर, वळखलं का? गो-वेन्ट-गॉन पाठ नाय म्हणून तुमी मला लई हानलं व्हतं.” तुम्ही हसलात. तो म्हणाला, “आता येतंय बघा,” आणि सुरू झाला, “गो, वेन्ट…” “गॉन,” तुम्ही म्हणालात. अगदी स्वच्छ. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग तो नुसतं पहिलं रूप सांगायचा आणि पुढची दोन तुम्ही. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. गिव्ह, गेव्ह, गिव्हन. आई दारात येऊन उभी राहिली. त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो थांबायला तयार नव्हता. तो गेल्यावर मी तुमच्याजवळ बसून विचारलं, “अण्णा, कुठं गेला तो?” तुम्ही म्हणालात, “लोणी. घर.” बाई फोनवर म्हणाल्या, पाठांतर आरतीसारखं असतं, ते तोंडातून आपोआप येतं. तिच्यातलं एक क्रियापद उचलून वाक्यात ठेवता येत नाही.

त्यानंतर तुम्ही ते म्हणायला लागलात. “आक्का. आई. बोलाव.” आक्का म्हणजे तुमची थोरली बहीण, आणे गावात दिलेली माझी आत्या. पहिल्यांदाच एक क्रियापद आलं होतं, तेही पाठांतरातलं नव्हे. दिवसभर तुम्ही तेच म्हणत होता, आणि आम्ही हरखून गेलो होतो. मला वाटलं, तुम्ही आईला सांगताय, आक्काला बोलाव. आईलाही तसंच वाटलं. मी विचारलं, “बोलवू का आत्याला?” तुम्ही मान हलवलीत, हो म्हणून आणि लगेच नाही म्हणूनही. आजारानंतर तुमच्या हो-नाहीचा तसाही भरवसा नव्हता. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला हवी होती. तुम्ही आईला कधीच ‘आई’ म्हणाला नाहीत. ‘अगं’ म्हणायचा. तुम्ही आई म्हणायचा ते फक्त आजीला, आणि ती जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

आत्याचा मुलगा तिला जीपमधून घेऊन आला. ती तुमच्या खाटेवर बसली, तुमचा हात हातात घेतला. “आले रं मी. बोल.” तुम्ही तिच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “आई. बोलाव. न्हाई. आक्का, न्हाई. न्हाई.” डावा हात खाटेवर आपटत होता, तुम्ही ढसाढसा रडत होता. तुम्हाला पुन्हा झटका येईल अशी मला धास्ती वाटली. मी आत्याला म्हणाले, “तू जरा बाहेर बस.” ती बाहेर आली, पदर सावरला आणि मुलाला म्हणाली, “चल. मला बोलावू नका म्हणत व्हता त्यो, आन् यांनी आणलं.” आईनं चहा टाकला होता. तो न घेता ती गेली. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. आत्या आली, बायकांत मागे उभी राहिली आणि दुपारच्या एसटीनं परत गेली.

यंदा एका दुपारी मेथी निवडता निवडता आई सहज बोलून गेली. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तुम्ही लोणीहून धावत आला होता. घरी फोन नव्हता. आण्याला निरोप धाडायचा तर माणूस पाठवावा लागणार. तुम्ही म्हणालात, रविवारी मी स्वतः जाऊन आक्काला घेऊन येतो. आजी शुक्रवारीच गेली. आत्या पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती तुम्हाला एका शब्दानं बोलली नाही, फक्त त्यानंतर आपल्या घरी मुक्कामाला कधी राहिली नाही. मी लहान होते. मला वाटायचं, आत्याला घाईच फार. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. तुमचे ते तुटके शब्द डोक्यात जुळले: आईच्या वेळी बोलावलं नाही. आक्का, तुला बोलावलं नाही. तुमच्या तोंडून नुसतं ‘बोलाव’ निघालं आणि मी, क्रियापदाचा शेवट बघूनच काळ ओळखायचा असतो असं मुलींना रोज सांगणारी, त्याला आज्ञा समजले.

मी आण्याला गेले. आत्या ओट्यावर मटकी निवडत होती, दिसायला कमी झालंय तिला, बोटांनीच चाचपते. मी सगळं सांगितलं. तिची बोटं सुपात थांबली. मग ती म्हणाली, “एवढंच सांगायचं व्हतं, आन् तेवढ्यालाच तोंड ऱ्हायलं न्हाई त्याला. मी अजून घटकाभर बसले असते गं. तुमीच म्हणला, बाहीर बस.” मी मान खाली घातली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “नक्की असंच म्हणत व्हता ना त्यो? तुला ठावं हाये?” मी म्हणाले, “हो आत्या. त्यांना हेच म्हणायचं होतं.” ती रडली, आणि मग मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

अण्णा, हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आत्याला तर नाहीच. तुम्ही तेच म्हणत होता की मी माझ्या समाधानासाठी ते जुळवलं, हे मला माहीत नाही. तिला ‘म्हणायचं असेल’ असं सांगायला हवं होतं. मी ‘होतं’ म्हणाले, आणि ते अजून बदललेलं नाही.