रविवारचे बाबा

प्रिय ताई,

हे वाचताना भाओजी शेजारी असले तर आधी दुसऱ्या खोलीत जा. आईला न सांगता लिहितोय. तिला कळलं तर माझी धडगत नाही.

परवाच्या फोनवर बाबांना बघून तू म्हणालीस, किती टवटवीत दिसतायत, मग मी येणं पुढच्या वर्षावरच ढकलते. आई हसली. फोन धरून मी उभा होतो, म्हणून माझं तोंड तुला दिसलं नाही. ताई, तुला दिसतात ते रविवारचे बाबा. त्यांची तयारी सकाळपासून चालते. दाढी करताना ते माझ्या हाताला चावतात. इस्त्रीचा शर्ट वरून तेवढा, खाली डायपर. पाठीमागे उशा खोचल्या की ताठ बसल्यासारखे वाटतात. 'मजेत आहे, तू कशी आहेस?' एवढं एकच वाक्य त्यांच्याकडे उरलंय, तेही आई शनिवारपासून घोटून घेते. परवा ते न्हाणीघरातल्या नळालाही मजेत असल्याचं सांगत होते. लेकीच्या जिवाला घोर नको, हे आईचं पालुपद. माझा जीव काय भाड्यानं आणलाय?

तिचे गुडघे कामातून गेलेत, पण हौस दांडगी. बाबांना कुशीवर वळवायला येते आणि मग मला दोघांना सावरावं लागतं. मागे आम्ही तिघंही धपकन खाली बसलो आणि हसत सुटलो, बाबासुद्धा. त्यानंतर घरात कुणी हसल्याचं आठवत नाही. बाबांच्या देखभालीला ठेवलेली बाई त्यांनी हात उगारल्यावर गेली ती गेलीच. चष्म्याचं दुकान दुपारपुरतं उघडतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि माझा डोळा लागतो.

काल जेवण भरवताना बाबांना ठसका लागला. श्वास कोंडला, चेहरा काळानिळा पडला. आई अंघोळीला गेली होती. वाकवून पाठीवर थापट्या मारायच्या, एवढंच काम, किती वेळा केलंय. मी चमचा हातात धरून बसून राहिलो. सुटतील बिचारे, असं मनात आलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मी सुटेन, असं आलं. मग त्यांनी माझी बाही घट्ट धरली, तेव्हा कुठे माझा हात हलला. आता बरे आहेत. आज भरवताना मी आईला समोर बसवून ठेवलं. कशाला, कशाला, म्हणून ती विचारत राहिली. काय सांगू तिला? ताई, बाबांना बघायला म्हणून येऊ नकोस. मला त्यांच्यापाशी एकटं ठेवू नकोस, म्हणून ये.

तुझाच,
शेंडेफळ