अधिकारी बाईंचे पांढरे मोजे

प्रिय मालू,

मराठीत लिहितेय, म्हणजे तुला वाचायला वेळ लागणार. लागू दे. लहानपणी शनिवारच्या मराठीच्या वर्गाला पिनरच्या त्या थंडगार हॉलमध्ये तुला उगाच नाही बसवलं मी. जयची मदत घेऊ नकोस, मराठीत जावई तुझ्याहूनही अडाणी आहे. आणि वाचताना पाय वर घेऊन बस. सूज उतरली का ते काही तू सांगितलं नाहीस.

परवा तू बाळाच्या खोलीचा फोटो मागितलास आणि मी म्हटलं, फोनचा कॅमेरा बिघडलाय. कॅमेरा उत्तम चालतोय. हॉस्पिटलातून सुटलीस की सव्वा महिना तू बाळाला घेऊन याच खोलीत राहायचं ठरलंय, तेव्हा तिचं खरं काय ते तुला कळायला हवं. फेब्रुवारीत बागेत थोडं पाणी आलं होतं असं आम्ही तुला सांगितलं. ते थोडं नव्हतं. वरच्या डोंगरातली कोळशाची खाण बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण आत पाणी साचतच होतं. आठवडाभर पाऊस लागला आणि ते डोंगर फोडून बाहेर आलं. नारिंगी, दाट, गंजलेल्या लोखंडाच्या वासाचं. बाबांचे वाफे गेले, शेड गेली, आणि मागच्या दारातून पाणी घरात शिरलं. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर सुखरूप होतो. गरोदर पोरीला कशाला घोर लावायचा, असं बाबा म्हणाले, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

सरकार धावून आलं हो. मंत्री आले नवे कोरे गमबूट घालून, शेजारच्या ब्रॉनवेनच्या फाटकाशी फोटो काढून गेले. पाण्याच्या बाटल्या आल्या. पत्रकं आली, इंग्रजीत एक आणि वेल्शमध्ये एक. मग आली हेल्पलाइन. खाणीचं खातं म्हणतं, पाणी खाणीतून बाहेर पडलं की ते नदीवाल्यांचं. नदीवाले म्हणतात, नदीत गेलं असतं तर आमचं, तुमच्या किचनमध्ये शिरलेलं कौन्सिलचं. आणि कौन्सिलची मुलगी म्हणते, ‘आय डू अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन.’ हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर असताना मीही लोकांना हेच ऐकवायची, त्यामुळे त्यात किती दम असतो ते मला कोण सांगणार!

शेवटी कळलं की भरपाई काय आणि जमीन साफ करून देणं काय, सगळं एका तपासणीवर अडलेलं आहे. एक अधिकारी बाई घर बघायला येणार, असा ईमेल आला. आता तूच सांग, घरी कुणी येणार म्हटल्यावर आपण काय करतो? आम्ही दोघं नुसते खपलो. गुडघ्यांवर बसून जमिनीच्या लाकडी फळ्या घासल्या, भिंती पुसल्या, पडदे धुतले, वास जावा म्हणून उदबत्त्या लावल्या. ब्रॉनवेन कुंपणावरून ओरडत होती, ‘लीव्ह इट, लव्ह, जस्ट लीव्ह इट!’ मला वाटलं, बिचारीला माझ्या पाठीची काळजी.

बाई आल्या. मी सवयीने म्हटलं, शूज बाहेर काढा प्लीज. त्यांनी काढले. पांढऱ्या मोज्यांनी घरभर हिंडल्या आणि मोजे पांढरेच राहिले. पोहे खाल्ले, आणखी मागून घेतले. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘व्हॉट अ लव्हली क्लीन होम.’ आणि नेमकं तेच लिहून पाठवलं: घर स्वच्छ, कोरडं, राहण्याजोगं, सबब मदतीची गरज नाही. ब्रॉनवेनने चिखल तसाच ठेवला होता. तिच्याकडे आता माणसं यंत्रं लावून माती उपसतायत.

माझा राग बाईंवर नाही. दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण नारिंगी पाण्यात बुडालेलं घर मोज्यांवरून पास होतं आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, याने माझं डोकं फिरतं. बागेतली चमचाभर माती कुणी तपासायला नेली नाही. वर सगळे मलाच सुचवतात की एवढं पुसायची काय गरज होती. म्हणजे काय, आल्या माणसाला चिखलात बसवायचं? बाबा म्हणतात, ‘प्रोसेस आहे, अपील करू.’ या माणसाच्या शांतपणाचंही मला आता अजीर्ण झालंय.

तरी मी धीर धरून होते. निदान घर तरी स्वच्छ आहे, पोरीला बोलावता येईल, असं म्हणत होते. मागच्या रविवारी बाळाच्या त्या खालच्या खोलीत बाबा पाळणा जोडत बसले होते. त्यांच्या हातून एक स्क्रू निसटला आणि फळ्यांच्या फटीत गेला. तो काढायला त्यांनी फळी उचलली. खाली सगळं तसंच होतं, ओलं, नारिंगी. आम्ही वरून घासत होतो तेव्हाही ते तिथेच होतं. बाबा फळी परत बसवायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

अपील मंजूर झालंय. पुन्हा तपासणी होणार, पण कधी ते सांगत नाहीत. कुठल्याही दिवशी येतील, घरी कुणी नसेल तर केस बंद. तोवर काहीही पुसायचं नाही अशी ताकीद आहे.

तर हे पत्र यासाठी. फोनवर तू ‘आई, मी येते गं’ म्हणालीस की माझ्या तोंडून ‘ये’ निघून जाईल. लिहिताना तेवढं जमतंय. इथे येऊ नकोस, मालू. बाळाला या घरात आणू नकोस. पहिल्या बाळंतपणाला लेकीला ‘माहेरी येऊ नको’ म्हणायची वेळ माझ्यावर आली, आणि ती ज्यांनी आणली त्यांना याचा पत्ताही नाही. शुक्रवारी मीच मेडनहेडला तुझ्या घरी येतेय, डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा घेऊन. बाबा येणार नाहीत. ते त्या अधिकाऱ्यांची वाट बघत घरी बसणार, आणि नातवंडाचं तोंड पहिल्यांदा फोनवर बघणार. त्यांच्यावर चिडू नकोस. पाळणा त्यांनी पुन्हा सुटा करून खोक्यात भरलाय, तो आणतेय. जयला तो जोडून घ्यायला सांग. एक स्क्रू कमी आहे.

तुझीच,
आई