फाटकावरची राखण

३ मे
पोहोचले एकदाची बेटावर! बोटीत पोटातलं सगळं ओठांशी आलं, तरी मी हसतच होते. पोस्टाची नोकरी, वर दोन खोल्या, आणि खिडकीसमोर छप्पर उडालेलं जुनं चर्च. तिथंच माझी लेक शीना निजलीय. तीन वर्षं ग्लासगोहून वर्षातून एकदा यायचे; आता रोज भेटेन. शेजारच्या टॉर्किलकाकांनी ट्रंक उचलत विचारलं, "पोरी, यात दगड भरलेस की नवरा?"

९ मे
चर्च आतून धुंडाळलं. वेदीपाशी मेंढ्या बसतात, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडात पावसाचं पाणी. काका सांगत होते, इथं शेवटी पुरलेल्यानं फाटकावर राखण करायची, पुढचं कुणी येईपर्यंत. शीनानंतर कुणी आलंच नाही. हल्ली माणसं पलीकडच्या इस्पितळात मरतात नि तिकडेच पुरली जातात. मला हसूच आलं. सात वर्षांची पोर, जेवायलासुद्धा एका जागी टिकायची नाही!

१४ मे
भर दुपारी दिसली. फाटकाशी, निळ्या स्वेटरमध्ये. मीच तो घालून पेटीत निजवली होती. या पायावरून त्या पायावर भार टाकत उभी. म्हणाली, "आई, पाय दुखतात गं." बसायची परवानगी नाही म्हणाली.

२० मे
काकांना सांगितलं. ते रडले. मग चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली: मला जुन्या चर्चमध्येच पुरा. म्हणाले, माझ्या गोवऱ्या मसणात गेल्याच आहेत, पोर तरी सुटेल.

२ जून
काका खुर्चीतच गेले. चिठ्ठी माझ्यापाशीच. त्यांना तिथं ठेवलं की शीना सुटेल — आणि मला पुन्हा कधीच दिसणार नाही. दुसऱ्यांदा नाही सोसवणार मला. चिठ्ठी चुलीत घातली. त्यांच्या लेकानं त्यांना बोटीनं पलीकडे नेलं.

५ जून
तिनं ती बोट जाताना पाहिली. माझ्याशी बोलत नाही. तिचे पाय घोट्यापर्यंत झिजून — नाही लिहवत.

८ जून
आज बोलली. "तुम्ही पुढच्या का?" मी म्हटलं, अगं, मी आई. तिला तो शब्दच आठवेना —

९ जून, फाटकाशी
तेच विचारते. पुन्हा पुन्हा. शेवटी हो म्हटलं. हसली. तीन वर्षांनी — निघाली. माझे पाय हलत नाहीत. शीना, थांब, मागे वळून एकदा तरी म्हण, मी तुझी —